सेल्फ म्हणजे कोण

केटरिंग या शब्दाचा अर्थ आमच्या घरात कधी कोणी डिक्शनरीत पाहिला नव्हता. वेस्ट विंडसरमध्ये तीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाला त्याची गरजच पडत नाही. केटरिंग म्हणजे ॲल्युमिनियमचे ट्रे. हाफ ट्रे आणि फुल ट्रे, वर झाकण, झाकणावर मार्करने लिहिलेलं 'मीडियम स्पायसी'. बारसं असो, ग्रॅज्युएशन पार्टी असो की तेराव्याचं जेवण, ट्रे येतात, त्यांच्याखाली निळ्या ज्योतीचे छोटे डबे पेटतात आणि माणसं कागदी प्लेट घेऊन रांगेत उभी राहतात. त्यामुळे दक्षिण आफ्रिकेतल्या एका अभयारण्याच्या वेबसाइटवर 'रस्टिक सेल्फ-केटरिंग कॉटेजेस' असं वाचल्यावर माझा नवरा क्षणभरही अडखळला नाही.

"अगं, यांचं स्वतःचंच केटरिंग आहे," तो म्हणाला. "बाहेरून मागवायची भानगडच नाही."

माझा नवरा रिटायर्ड इंजिनिअर आहे. डिशवॉशर घेतला तेव्हा त्याने त्याचं मॅन्युअल शेवटच्या पानापर्यंत वाचलं होतं, फक्त स्पॅनिश भाग सोडला. या ट्रिपसाठी त्याने अकरा टॅबची एक्सेल शीट केली. त्यातला एक टॅब नुसत्या सापांचा होता, एक बुटांचा, एक कच्च्या रस्त्यावर टायरमध्ये हवा किती ठेवायची याचा. जेवणाचा टॅब नव्हता, कारण जेवण मिळणारच होतं. पण त्याला एकट्याला तरी काय बोलू? मी औषधं बनवणाऱ्या एका कंपनीच्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काम केलं. बाटलीवरचं लेबल दोनदा वाचल्याशिवाय कधी झाकण उघडलं नाही. हे एक लेबल मात्र मी धड एकदाही वाचलं नाही. मला ते खरं असायला हवं होतं.

का, ते सांगायचं तर आधी पेन्सिल्वेनियात जावं लागेल.

आमच्या मंडळाची तिथे दर ऑक्टोबरला कॅबिन ट्रिप असते. स्टेट पार्कातल्या लाकडी कॅबिन्स, एकावर एक पलंग, चारातल्या दोनच शेगड्या चालणारा गॅस आणि बाहेर लाल-पिवळी झालेली झाडं. पहिल्या वर्षी पाऊस लागला, सगळे गारठून परतले आणि मी अकरा माणसांसाठी खिचडी टाकली. तेव्हा मी तरुण होते, नवीन होते आणि कौतुकाची भुकेली होते. कौतुक भरपूर झालं. तिथेच मी फसले. दुसऱ्या वर्षीच्या साइनअप शीटमध्ये माझं नाव माझ्याआधीच लिहिलेलं होतं: 'किचन – वहिनी'. पुढे मंडळात तरुण मंडळी आली आणि ते 'किचन – काकू' झालं. हुद्दा वाढला, खातं तेच राहिलं.

त्या कॅबिनपासून तासाभराच्या चढावर एक धबधबा आहे. सगळे तिथे जातात. निघताना बुटाची नाडी बांधता बांधता कोणीतरी म्हणतं, "वहिनी, तुम्ही पण या ना," आणि नाडी बांधून होईस्तोवर म्हणतं, "पण मग परत आल्यावर गरम गरम काही नसेल." मी हसून म्हणायचे, "जा रे, मला आवडतं करायला." हे मी दरवर्षी म्हटलं. पहिली पाच-सहा वर्षं ते खरंही होतं. संध्याकाळी लाल गालांनी सगळे परतायचे आणि मला फोटो दाखवायचे. तो धबधबा मी प्रत्येक कुटुंबाच्या पाठीमागे पाहिला आहे, मुलं कडेवर असताना पाहिला आणि तीच मुलं कॉलेजात गेल्यावरही पाहिला. प्रत्यक्षात मात्र एकदाही नाही. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं, हे मला माहीत आहे, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

या वर्षी मी रिटायर झाले, आणि त्याच वसंतात उजव्या गुडघ्याने मान टाकली. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे दिव्यासमोर धरला आणि म्हणाल्या, चालायचं तेवढं या वर्षी चालून घ्या, नंतरचं नंतर बघू. घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, रिटायरमेंटला तुला काय हवं? माझं उत्तर तयार होतं. एक ट्रिप हवी. तिथे एक लांब वाट हवी आणि ती मला शेवटपर्यंत चालायची आहे. आणि त्या आठ दिवसांत मी एकदाही गॅस पेटवणार नाही.

तो लगेच हो म्हणाला. तो नेहमी लगेचच हो म्हणतो.

ती लांब वाट मीच शोधली. अभयारण्याच्या वेबसाइटवर एका गुहेचा फोटो होता. गुहेच्या भिंतीवर फार जुन्या काळच्या लोकांनी गेरूने काढलेलं चित्र, आणि त्यात एकामागोमाग एक चालणाऱ्या सात बायका. खांद्यावर काहीतरी अडकवलेलं, हातात काठ्या, पाय लांब टाकलेले. कॉटेजपासून गुहेपर्यंत चार तास जायला आणि तीन तास यायला लागणार होते. दिवसाला मोजक्याच माणसांना परवाना मिळायचा आणि आम्हाला मिळाला तो नेमका पहिल्या रविवारचा. मी तो फोटो प्रिंट करून फ्रिजवर लावला, जिथे इतकी वर्षं सोसायटीच्या कचऱ्याचं वेळापत्रक होतं.

बरोबर यायला आणखी एक जोडपं तयार झालं. डॉक्टर म्हणजे नवऱ्याचे जुने मित्र, नावाजलेले हार्ट सर्जन, आता रिटायर्ड. आणि त्यांची बायको, माझी तितकीच जुनी मैत्रीण. ही इतकी कमी बोलते की लोकांना वाटतं तिला मत नाही. पेन्सिल्वेनियातल्या त्या किचनमध्ये माझ्या शेजारी बसून तिने तीस वर्षं, दर ऑक्टोबरला, कोथिंबीर निवडली आहे.

मग सुरू झाला सराव. दर शनिवारी सकाळी आम्ही चौघं घराजवळच्या कालव्याच्या काठाने चालायचो. ती वाट इतकी सपाट आहे की तिच्यावरून लोक बाबागाडी ढकलत जॉगिंग करतात. आमचे दोघं पुरुष मात्र गुडघ्यापाशी चेन लावलेल्या पँटी, दोन हातांत दोन काठ्या आणि पाठीवरच्या पिशवीतून तोंडापर्यंत आलेली पाण्याची नळी अशा थाटात असायचे. काळ्या फ्रेमच्या गॉगलमधून समोरच्या बदकांकडे रोखून बघायचे. पाठीवर वजन घेऊन चालायची सवय हवी, असं एक्सेलमध्ये होतं. म्हणून दोघांनी आपापल्या सॅकमध्ये इंडियन ग्रोसरीतून आणलेली दहा पौंडी बासमतीची पिशवी आणि चार पौंड तूरडाळ भरली. ओळखीच्या एका काकूंनी त्यांना वाटेत थांबवून विचारलं, "कुठे सेल लागलाय का हो?" डॉक्टरांनी त्यांना लोड ट्रेनिंग समजावून सांगितलं. दीड महिना तो तांदूळ आणि ती डाळ कालव्याकाठाने हिंडली. निघायच्या आदल्या दिवशी दोघांनी पिशव्या काढून पँट्रीत ठेवल्या आणि सॅक किती हलकी झाली म्हणून खूश झाले.

मी काहीच बांधून घेतलं नाही. लग्नानंतर आजवर मी दशम्या, चिवडा आणि मेतकूट यांच्याशिवाय विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. आता ठरवूनच ठेवलं, तत्त्व म्हणून. एअरपोर्टवर सोडायला आलेल्या मुलीने विचारलं, "मॉम, तू फूड काय पॅक केलंस?"

"काही नाही."

तिने बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ओके, हू आर यू?"

केपटाऊनहून चार तासांची ड्राइव्ह होती, त्यातला शेवटचा तास-सव्वा तास कच्चा रस्ता. डाव्या बाजूने गाडी चालवायची म्हणून नवरा फार निर्धास्त होता. "अगं, मी पुण्यात शिकलोय गाडी," असं म्हणत त्याने प्रत्येक वळणावर सिग्नलऐवजी वायपर लावले. वाटेत शेवटचं गाव लागलं, तिथे एक किराणा दुकान दिसलं. डॉक्टर म्हणाले, थोडी बिस्किटं घ्यायची का? नवरा म्हणाला, कशाला, डिनर असेल, भूक मारू नका. आम्ही थांबलो नाही. शनिवार होता, उन्हं कलायला लागली होती.

अभयारण्याच्या फाटकाशी एक छोटं ऑफिस होतं आणि टेबलापाशी एक जाडजूड, प्रसन्न बाई बसली होती. तिने रजिस्टरमध्ये सह्या घेतल्या, किल्ली दिली, नकाशा दिला, रविवारचे चार परवाने दिले. गुहा चुकवू नका, म्हणाली. बबून माकडं फार आहेत तेव्हा किचनच्या खिडक्या बंद ठेवा, म्हणाली. सगळं झाल्यावर नवऱ्याने खिशातून पेन काढून आपल्या शीटच्या प्रिंटवर लिहायची तयारी केली आणि इंग्रजीत विचारलं, "रात्रीचं जेवण किती वाजता असतं?"

बाई म्हणाली, "तुम्ही कराल तेव्हा."

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली. "नाही, म्हणजे तुमचं केटरिंग किती वाजता सुरू होतं?"

"सेल्फ-केटरिंग आहे, सर. तुमचं तुम्ही करायचं. भांडी आहेत, गॅस आहे." मग तिने आमच्या हातांकडे पाहिलं आणि गाडीत डोकावली. "तुम्ही सामान कुठे ठेवलंय?"

त्यानंतर जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. नवऱ्याने वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. डॉक्टरांच्या बायकोनेही सवयीने माझ्याकडे पाहिलं, फक्त तिने लगेच मान खाली घातली. अर्धी पृथ्वी ओलांडून आम्ही आलो होतो आणि मी पुन्हा त्याच दोन शेगड्यांसमोर उभी होते. मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. खिडकीतून समोरचा डोंगर दिसत होता, मी त्याच्याकडे बघत राहिले.

बाईला आमची दया आली असावी. दुकान आता बंद झालं असेल, उद्या रविवारी दुपारपर्यंतच उघडं असतं आणि सूर्यास्तानंतर फाटक बंद, असं तिने सांगितलं. मग मागच्या आपल्या घरात जाऊन मक्याच्या पांढऱ्या पिठाची पिशवी, तीन कांदे, सहा अंडी, छोट्या बाटलीत तेल आणि घरी भाजलेले जाडजूड टोस्ट घेऊन आली. हे मला खूप लागलं. या बाईने दिवसभर काम केलं होतं आणि तरी आमचं जेवण तिच्याच घरातून निघालं.

कॉटेज दगडी होतं, वर गवताचं छप्पर. वीज नव्हती. किचनमध्ये एक सिलेंडर, दोन शेगड्या, एक काळं पातेलं, चार ताटल्या आणि पाव कापायची सुरी. नवऱ्याने सगळे कप्पे उघडून पाहिले आणि म्हणाला, "किचन तर छान आहे गं!"

"मग कर," मी म्हणाले आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मला वाटतं मी इतक्या सहज बसले यावर त्याचा विश्वासच बसला नाही. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागले. आयुष्यभर माणसांच्या छात्या उघडलेल्या डॉक्टरांना कांदा कुठून उघडायचा ते कळत नव्हतं. मग दर दोन मिनिटांनी दारात कोणीतरी यायचं.

"वहिनी, पाणी आधी की पीठ आधी?"

"माहीत नाही."

"बरं, पाणी साधारण किती?"

"माहीत नाही."

साफ खोटं होतं. मला थेंबापर्यंत माहीत होतं. हाताला अक्षरशः खाज सुटली होती, कारण आत पीठ खाली लागत होतं आणि त्याचा वास ओट्यापर्यंत येत होता. पण पाण्याचं माप सांगितलं तर आच सांगावी लागेल, आच सांगितली तर ढवळून दाखवावं लागेल, आणि ढवळायला एकदा उठले की संपलं. मी ओट्याच्या कडेला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. डॉक्टरांची बायको माझ्या शेजारी येऊन बसली. बबूनही आले. खिडकीच्या काचेला नाक लावून त्यांनी आत पाहिलं आणि आल्या वाटेने निघून गेले.

जे तयार झालं ते आम्ही सुरीने कापून खाल्लं. तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने मुकाट्याने आपल्या हायकिंगच्या मोज्यातून लिंबाच्या लोणच्याची बाटली काढून टेबलावर ठेवली. नवऱ्याच्या शीटमध्ये 'कस्टम्सला खाद्यपदार्थ चालत नाहीत' असं लाल अक्षरांत होतं, तरीही सगळ्यात जास्त लोणचं त्यानेच खाल्लं.

खरा प्रसंग सकाळी आला. पुरुषांची मीटिंग आधीच झालेली होती, हे मला टोस्ट खाताना कळलं. नवऱ्याने शीट उलटी करून मागच्या बाजूला नवा प्लॅन काढला होता. दुकान दुपारपर्यंतच उघडं. परवाना आजचाच. म्हणजे दोन टीम करायला हव्यात.

"मी ड्राइव्ह करतो," तो म्हणाला. "तू माझ्याबरोबर दुकानात चल. काय काय लागतं ते तुलाच माहीत ना. डॉक्टर आणि वहिनी गुहेला जाऊन येतील."

"आणि तुमच्या गुडघ्यालाही जरा रेस्ट मिळेल, वहिनी," डॉक्टर म्हणाले. खरंच काळजीने म्हणाले, हे मुद्दाम लिहून ठेवते.

नवऱ्याने आणखी समजूत घातली. "अगं, ते फोटो काढून आणतील ना!"

माझा आवाज चढतो तेव्हा मला तो बाहेरून ऐकू येतो. मी म्हणाले, "तीस वर्षं माझा धबधबा तुमच्या फोनमध्ये आहे. तो तिथेच राहू दे. या बायका मी माझ्या डोळ्यांनी बघणार आहे. गुडघा माझा आहे, तो मोडला तर माझा मोडेल. आणि काय काय लागतं ते तुलाही माहीत आहे, तू तीस वर्षं खाल्लंयस."

डॉक्टर पुढे होऊन काहीतरी मध्यममार्ग सुचवणार होते. तेवढ्यात त्यांची बायको उठली आणि त्यांच्या काठ्या त्यांच्या हातून काढून घेत म्हणाली, "मी हिच्याबरोबर जातेय. तू दुकानात जा." एवढं लांब वाक्य तिने माझ्यासमोर डॉक्टरांशी पहिल्यांदाच उच्चारलं असेल.

चार उकडलेली अंडी, टोस्ट आणि पाणी घेऊन आम्ही निघालो. ऑफिसमधल्या बाईने परवाने पाहिले, आमच्या मागे कोणी आहे का ते पाहिलं आणि अंगठा वर केला.

वाट चढाची होती आणि लाल दगडांमधून जात होती. दगड असे रचलेले की कुठल्याही क्षणी कोणीतरी येऊन ते नीट लावून ठेवील असं वाटावं. झुडपांना मेणचट पानं आणि मोठाली गुलाबी फुलं. तासाभरात गुडघा ठणकायला लागला. दीड तासाने मला रडू येईल असं वाटलं आणि दोन तासांनी त्या दुखण्याची सवय झाली. एका ओढ्यापाशी अंडी सोलताना ती म्हणाली, "तुला एक सांगू? मला कोथिंबीर निवडायला अजिबात आवडत नाही."

"मग इतकी वर्षं का निवडलीस?"

"तू एकटी होतीस ना."

मी माझ्यातला अर्धा टोस्ट तिला दिला.

गुहा म्हणजे पुढे आलेल्या खडकाखालचा एक आडोसा होता. चित्र माझ्या तळहातापेक्षाही लहान होतं. फ्रिजवरच्या प्रिंटमध्ये त्याहून मोठं दिसायचं. पण होत्या, सातही जणी होत्या. एकीमागे एक, पुढे झुकलेल्या, हातात काठ्या. आमच्याही हातात काठ्या होत्याच. मी इतकी जवळ गेले की माझा श्वास दगडाला लागेल म्हणून मागे सरले. शेजारी एक माहितीचा फलक होता. डॉक्टरांच्या बायकोने चष्मा लावला आणि तो मोठ्याने वाचून मला मराठीत सांगितला.

"या बायका अन्न गोळा करायला निघाल्या आहेत. काठ्या कंदमुळं खणायच्या आहेत. पिशव्या ती आणायला."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. मग जे हसू फुटलं ते आवरेना. आम्हाला खाली बसावं लागलं. अटलांटिक ओलांडून, गुडघ्याचं वाटोळं करून, नवऱ्याशी भांडून मी ज्या मुक्त बायका बघायला आले होते त्या किराणा आणायला निघाल्या होत्या! हसता हसता मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. मला खूप एकटं वाटलं होतं, इतकी वर्षं, भरलेल्या कॅबिनमध्ये. ते तिथे बाहेर पडलं. ती माझा हात धरून बसली होती. डोळे पुसून मी पुन्हा वर पाहिलं. त्या चालल्या होत्याच. शेगडीपाशी त्यातली एकही बसलेली नव्हती.

परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दोघं पुरुष दुकानातून आलेले होते. त्यांनी आणलेलं सामान असं: तीन प्रकारचं चीज, मार्शमेलो, चिप्सची सहा पाकिटं, कोळसे, एक कलिंगड, तांदूळ, मसूर आणि 'घरासारखं वाटावं म्हणून' कोथिंबिरीची एक जुडी. ती डॉक्टर स्वतः निवडत बसले होते, एकेक पान, चिमट्याने धरावं तसं. पातेल्यात खिचडी शिजत होती. नवऱ्याने मला बघितलं, माझ्या पायाकडे बघितलं, खुर्ची ओढली आणि थाळी वाढून हातात दिली.

"कशी झालीय?"

"मीठ नाहीये."

त्याने सामानाच्या पिशव्या पालथ्या घातल्या. मीठ आणलेलंच नव्हतं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला, मीही त्याच्याकडे बघत बसले. मग तो बूट घालून ऑफिसपर्यंत चालत गेला आणि त्या बाईकडून मूठभर मीठ मागून आणलं. उरलेले सहा दिवस दोघांनी स्वयंपाक केला. पाचव्या दिवशीचा भात खरोखर बरा होता.

या ऑक्टोबरला मंडळाचा कॅबिन ट्रिपचा ईमेल आला. शीट उघडली तर माझं नाव नेहमीसारखं आधीच लिहिलेलं: 'किचन – काकू'. मी ते पुसलं आणि तिथे लिहिलं: 'सेल्फ-केटरिंग'. दहा मिनिटांत कमिटीतल्या एका उत्साही मुलाचा सगळ्यांना रिप्लाय आला: 'वॉव! या वर्षी काकू सेल्फ करणार आहेत सगळं!! थँक यू काकू!!' खाली टाळ्या वाजवणारे चौदा हात.

मी लॅपटॉप फाडकन बंद केला. नवरा समोरच बसला होता. त्याने आपल्या फोनवर ते वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एका बोटाने टाइप करायला लागला. बराच वेळ लागला. मग मला ईमेल आला, सगळ्यांनाच आला: 'करेक्शन. सेल्फ म्हणजे ज्याचं त्याने. ही चूक मी आफ्रिकेत जाऊन केलेली आहे. खिचडी मी आणि डॉक्टर करू. पाण्याचं माप कोणाला माहीत असल्यास कळवावं, हिला विचारू नये. ही धबधब्यावर असेल.'

अर्ध्या तासात कमिटीने एकमताने केटरर ठरवला. चार फुल ट्रे, मीडियम स्पायसी. तीस वर्षांत जे कोणाला सुचलं नव्हतं ते माझ्या नवऱ्याच्या खिचडीच्या धास्तीने अर्ध्या तासात सुचलं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण लगेच नाही. इतकं सोपं होतं ते.

ट्रिपच्या शनिवारी सकाळी डॉक्टरांची बायको आणि मी काठ्या टेकत वर गेलो. गुडघ्यामुळे तासाचे दोन तास झाले. धबधबा तसा छोटाच आहे. उंचीला आमच्या गॅरेजएवढा असेल, पाणीही बेताचंच. तीस वर्षांत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी तिथे जेवणाची वेळ टळून जाईपर्यंत बसले.